बिघाड कशाला म्हणावे?
(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात काय लिहावे याचे काही अलिखित संकेत आहेत. पहिल्या पावसावर कविता, वसतिगृहातील गमतीजमती, फार तर 'आजचा तरुण आणि त्याच्यापुढील समस्या'. माझा विषय यांत कुठेच बसत नाही. तो आहे एक डबी. तिच्यात एक ट्रान्झिस्टर, दोन डायोड, चार-पाच रेझिस्टर, दोन कंडेन्सर आणि नऊ व्होल्टची एक बॅटरी. ही डबी मी स्वतः बनवली आणि ती नीट वाजेना. ती का वाजेना हे शोधण्यात माझे जवळजवळ तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत जे कळले ते दोन वर्षांच्या कॉलेजात कळले नव्हते, असे म्हटले तर आगाऊपणा होईल. पण ते खरे आहे, म्हणून हा लेख.

डबी कशासाठी, ते आधी सांगतो. आमचे गाव जयगड. शास्त्री नदी समुद्राला मिळते तिथे, किल्ल्याच्या आणि दीपस्तंभाच्या सावलीत. गौरी-गणपतीला जाखडी आणि शिमग्याला नमन, ही आमची वर्षाची दोन मोठी पर्वे. मुंबईचे चाकरमानी येतात ते भेटीबरोबर नवे वाद्य, नवी चालही घेऊन येतात. माझा चुलतभाऊ असाच एकदा जुना बेंजो घेऊन आला आणि 'तूच ठेव' म्हणून देऊन गेला. बेंजो म्हणजे अमेरिकेतला गोल तोंडाचा नव्हे. आपला, टंकलेखन यंत्रासारखी बटणे असलेला, ज्याला पुस्तकात बुलबुलतरंग म्हणतात तो. त्याचा पूर्वज जपानचा. १९१२ साली नागोया येथे गोरो मोरिता यांनी 'तैशोगोतो' नावाचे वाद्य तयार केले, तेच भारतात येऊन आपले झाले. पुढे त्याला तारांखाली पिकअप बसले, ते अॅम्प्लिफायरला जोडले गेले आणि गिरगाव-लालबागच्या मिरवणुका त्याने गाजवल्या. २०१६ साली रवी जाधव यांनी याच नावाचा हिंदी चित्रपट काढला, तो पुष्कळांनी पाहिला असेल.

गिटारवाले पायाखाली एक डबी ठेवतात. तिचे बटण दाबले की गिटारचा गोड सूर खरखरीत, भरदार, किंचित फाटल्यासारखा होतो. तिला पेडल म्हणतात. मला वाटले, जाखडीत सवाल संपून चाल चढते तेव्हा बेंजोचा असा सूर निघाला तर किती बहार येईल! विकतचे पेडल परवडणारे नव्हते. मोबाइलवर एक आकृती सापडली. सुटे भाग चुलतभावाने लॅमिंग्टन रोडवरून पाठवले. मित्राच्या दुकानात बसून सोल्डर केले. साबणाच्या प्लास्टिकच्या डबीत सगळे बसवले, बटण दाबले आणि आवाज आला तो असा, की डासाने कानाजवळ येऊन तक्रार करावी. भरदारपणा नाही, खरखर नाही. पेडल बंद केले की बेंजो चांगला वाजे, चालू केले की तो आजारी पडे.

त्यानंतर मी जे केले ते सांगायला लाज वाटते, पण ते सांगितल्याशिवाय पुढचे सांगता येणार नाही. मी बॅटरीला दोष दिला आणि नवी आणली. मग भागांना दोष दिला, 'मुंबईवाले असेच खपवतात' म्हणालो. मग एकाच संध्याकाळी दोन रेझिस्टर बदलले, एक कंडेन्सर काढून दुसरा लावला आणि तारा उकलून पुन्हा जोडल्या. आवाज होता त्याहून बारीक झाला. आता मूळ दोष कुठला आणि मी नव्याने घातलेला कुठला, हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. नाचता येईना अंगण वाकडे म्हणतात. मी तर अंगणच खणून ठेवले होते.

दिवस श्रावणाचे होते. पावसाळी मासेमारीबंदी संपून होड्या पाण्यात उतरत होत्या. माझे वडील खलाशी आहेत. चौथीपर्यंत शिकले. त्यांच्या होडीचे इंजिन दोन महिने बंद राहून अडून बसले होते. मी डबा घेऊन जेटीवर गेलो तेव्हा ते इंजिनापाशी बसले होते. मालक वर उभा राहून 'पंपच गेला असेल, फिटर बोलावू' म्हणत होता. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी टाकीपासून सुरुवात केली. टाकीत डिझेल आहे का? आहे. टाकीतून नळीत उतरते का? उतरते. फिल्टरपर्यंत येते का? येते. फिल्टरच्या पुढचा स्क्रू त्यांनी थोडा ढिला केला, तशी फसफस करून हवा बाहेर आली. हवा संपून नुसते डिझेल येईपर्यंत ते थांबले. स्क्रू आवळला. इंजिन चालू झाले. नळीत हवा अडकली होती, पंप धडधाकट होता.

घरी येताना मी त्यांना माझ्या डबीची हकिकत सांगितली. एका वेळी चार गोष्टी बदलल्या हे ऐकून ते हसले आणि म्हणाले, "एका टायमाला एकच नट ढिला कर. दोन केलेस तर कशान झाला ता तुला कलनार नाय."

तर्कशास्त्राच्या पुस्तकात हाच विचार मिलच्या नावाने येतो. दोन प्रसंगांत एक गोष्ट सोडून बाकी सगळे सारखे असेल, तर परिणामातील फरकाचे कारण त्या एका गोष्टीशी निगडित असते. मी त्यावर टिपण लिहिले होते. परंतु जेटीवरून घरी येईपर्यंत मला ते समजले नव्हते, हे आमच्या तर्कशास्त्राच्या सरांनी मोठ्या मनाने घ्यावे.

दुसऱ्या दिवसापासून मी वडिलांच्या रीतीने निघालो. सगळे बदललेले भाग काढून मूळचे लावले. बेंजो थेट अॅम्प्लिफायरला जोडला. चांगला वाजतो, म्हणजे बेंजो, वायर, अॅम्प्लिफायर निर्दोष. दोष डबीत. यापुढे मीटर हवा होता. विज्ञान शाखेच्या प्रयोगशाळेत गेलो, तेव्हा दारातच 'आर्ट्सच्या मुलांचे इथे काय काम?' असे ऐकावे लागले. प्रश्न रागाने विचारलेला नव्हता, खऱ्या आश्चर्याने विचारलेला होता. त्याचेच वाईट वाटले. शेवटी प्रयोगशाळेतील परिचर काकांनी मधल्या सुट्टीत मला बाकाच्या कोपऱ्यावर बसू दिले आणि मीटर हातात दिला.

आता थोडे यंत्राविषयी. तार थरथरली की पिकअपमध्ये अगदी अल्प विद्युतदाब निर्माण होतो. ट्रान्झिस्टर तो अनेक पटींनी वाढवतो. मग पुढे उलटसुलट जोडलेले दोन डायोड असतात. दाब सुमारे ०.६ व्होल्टच्या वर गेला की ते वाहू लागतात आणि लाटेची वरची व खालची टोके कापली जातात. गोल लाट चपटी झाली की तिच्यात मूळ सुराबरोबर वरचे पुष्कळ सूर मिसळतात. तीच ती खरखर. पण ट्रान्झिस्टरने लाट पुरेशी मोठी केलीच नाही, तर डायोड कापणार काय? म्हणून काका म्हणाले, आधी ट्रान्झिस्टर पाहा. कलेक्टरच्या पायावर बॅटरीच्या साधारण निम्मा दाब हवा. माझा मीटर आठाच्या वर दाखवत होता. म्हणजे ट्रान्झिस्टर जवळजवळ झोपलेला होता.

मी लगेच म्हणालो, "ट्रान्झिस्टर खराब आहे." काकांनी तो काढायला लावला आणि मीटरवर तपासला. उत्तम होता! मग त्यांनी मोबाइलवरची आकृती मागितली. आकृती परदेशी होती. तिच्यात २एन३९०४ हा ट्रान्झिस्टर दाखवला होता. दुकानदाराने दिला होता बीसी ५४७, जो आपल्याकडे कुठेही मिळतो. 'तेच काम करतो' असे दुकानदाराने सांगितले होते आणि ते खोटे नव्हते. फक्त एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती. सपाट बाजू आपल्याकडे धरली, तर २एन३९०४ चे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर असे येतात आणि बीसी ५४७ चे कलेक्टर, बेस, एमिटर असे. बरोबर उलटे. मी परक्या आकृतीबरहुकूम आपला ट्रान्झिस्टर लावला होता.

गंमत अशी की ट्रान्झिस्टर उलटा लावला तरी तो पूर्ण बंद पडत नाही. तो काम करतो, पण जेमतेम. जिथे शेकडो पटींनी प्रवाह वाढवायचा तिथे चार-पाच पटींनी वाढवतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, भागच हलका आहे. मी तो काढला, फिरवून लावला आणि संध्याकाळी घरी बटण दाबले. बेंजो असा गरजला की शेजारच्या काकू ओट्यावर आल्या.

बिघाड एवढ्यावर संपला नाही. आता सुराखाली सतत एक घुंईऽऽ असा आवाज येऊ लागला. तो वीजपुरवठ्याचा होता. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आणि घरभर तिच्या तारा. लाट वाढवणारी डबी प्लास्टिकची असेल तर तिचा गुंजारवही आत शिरतो आणि वाढतो. गावाशेजारी १२०० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आणि माझी नऊ व्होल्टची बॅटरी, असा तो सामना नव्हे, नुसत्या घरच्या ट्यूबलाइटनेच मला हरवले होते! आईकडून पत्र्याचा जुना डबा मागून घेतला, सगळे त्यात बसवले, डबा अर्थच्या तारेला जोडला. घुंई खाली बसली. मग पंधरा दिवसांनी खरखर आणि मध्येच आवाज गुल. यावेळी मात्र मी कोणाला दोष दिला नाही. एका टोकाकडून एकेक जोड हलवत गेलो. एका जोडाला डाख नीट बसला नव्हता आणि आमच्या खाऱ्या हवेने तिथली तांब्याची तार हिरवी पडली होती. खरवडली, पुन्हा डाख दिला, संपले.

गणपतीत डबी वाजली. पोरे नाचली. आणि आरतीनंतर मंडळातील एक जाणते बुवा जवळ येऊन म्हणाले, "बाजा चांगला होता रे. आज काय बिघडला काय?"

इथून खरा प्रश्न सुरू होतो. डबी नीट वाजत नव्हती तेव्हाही लोक 'बिघडले' म्हणाले आणि नीट वाजू लागली तेव्हाही 'बिघडले'च म्हणाले. मग बिघाड म्हणायचे तरी कशाला?

ज्या सुरासाठी मी धडपडलो तो जन्माला आला तोच मुळी बिघाडातून. अमेरिकेत नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या 'डोंट वरी' या गीताचे ध्वनिमुद्रण चालू असताना ध्वनियंत्रातला एक ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या गिटारचा आवाज फाटला. तो तसाच ठेवला गेला. १९६१ साली गीत बाहेर आले आणि लोकप्रिय झाले. इतरांनाही तसाच आवाज हवासा वाटू लागला. तेव्हा ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तो बिघाड नक्की काय करत होता याचा अभ्यास केला आणि तेच काम मुद्दाम करणारे ट्रान्झिस्टरचे यंत्र उभारले. १९६२ साली ते 'फझ-टोन' नावाने बाजारात आले. पुढे १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन' गीताने त्याला जगभर नेले.

हे परदेशातले झाले, असे कोणी म्हणेल. मग आपला तंबोरा घ्या. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सारून जवारी लावतात ती कशासाठी? तार घोडीच्या रुंद पाठीला हलकेच घासावी आणि सुरातून अनेक सूर झणझणावेत म्हणूनच ना? निव्वळ स्वच्छ आवाज हवा असता तर मिरजेच्या कारागिरांनी घोडी घासण्यात आयुष्य घातले नसते. आज त्याच मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ पासून भौगोलिक मानांकन आहे. उलट बाजूचे उदाहरण पेटीचे. आमच्या भजनात पेटीवाचून पान हलत नाही. पण १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला बंदी घातली आणि सुमारे तीस वर्षे ती दूर ठेवली. कारण काय, तर तिचे सूर आपल्या संगीताला जुळत नाहीत. तीस वर्षांत भजनी मंडळांनी पेटी सोडली नाही. तज्ज्ञ जे बिघाड म्हणत होते त्यावर गावोगाव लोक टाळ वाजवत होते.

म्हणजे काय, कुठलाही आवाज चालतो आणि सगळे गोडच आहे? तसे मुळीच नाही. पहिल्या दिवशी माझी डबी डासासारखी किणकिणत होती, तो बिघाडच होता. त्याला 'प्रयोग' म्हणून मिरवले असते तर तो खोटेपणा झाला असता. फरक असा आहे: जो आवाज कुठून येतो हे मला ठाऊक नाही आणि जो मला थांबवता येत नाही, तो बिघाड. ज्याचा उगम मला ठाऊक आहे, जो मी हवा तेव्हा आणतो आणि पायाने बटण दाबून बंद करतो, तो माझा सूर. तो बुवांना आवडला नाही तर तो मतभेद झाला. बुवांना नाही म्हणण्याचा पूर्ण अधिकार आहे. पण त्यांच्यापुढे उभे राहायचे तर आधी मला माझ्या डबीतला प्रत्येक जोड ठाऊक असला पाहिजे.

आता हे सगळे मी या अंकात का लिहितो ते सांगतो.

गेल्या वर्षी एका विषयाच्या चाचणीत मला पंचविसांपैकी नऊ गुण पडले. भिंतीवर यादी लागली. उत्तरपत्रिका पाहायला मिळाली नाही. माझी चूक टाकीत होती, नळीत होती की पंपात, मला आजतागायत कळलेले नाही. मी काय केले? डबीचे केले तेच. पुस्तक बदलले, गाइड आणले, पाठांतर वाढवले, सगळे एकाच वेळी. पुढच्या चाचणीत अकरा पडले. कशाने दोन वाढले तेही ठाऊक नाही.

माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. पहाटेच्या एस.टी.ने येणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत. आम्ही वर्गात गप्प बसतो. बोललो तर 'झाला', 'कलला' तोंडात येते आणि मागून हसू ऐकू येते. आमच्याविषयी 'मुले हलकी आहेत' हा निष्कर्ष फार लवकर निघतो. मी उलटा लावलेला ट्रान्झिस्टर पाहिला आहे, म्हणून धीटपणे विचारतो: भाग हलका आहे असे म्हणण्यापूर्वी त्याचे पाय कोणत्या आकृतीप्रमाणे लावले आहेत, हे कोणी पाहिले का? आणि आमच्या संगमेश्वरी बोलीला अशुद्ध म्हणणाऱ्यांना विचारतो, ती बिघाड आहे की सूर? माझ्यापुरते उत्तर मला मिळाले आहे. प्रमाण मराठी मला आली पाहिजे, पक्की आली पाहिजे, आणि हा लेख मी तीत लिहिलाही आहे. पण ती आल्यावर बोली हा माझा दोष राहत नाही. मग ती माझ्या पायाखालचे बटण होते.

दोष सगळा इतरांचा, असेही मी म्हणत नाही. उत्तरपत्रिका दाखवा, असे मी कधी मागितलेच नाही. गुण कमी पडले की आम्ही तोंड लपवतो. वडील इंजिन अडले तर लाजत नाहीत, उकिडवे बसतात. अडलेल्या इंजिनासमोर बसायची लाज वाटणारा खलाशी किती दिवस समुद्रावर टिकेल?

म्हणून गुरुजनांकडे दोनच विनंत्या. चाचणीच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका आम्हाला एक तासभर तरी परत द्याव्यात आणि त्या तासात 'कुठे चुकले' एवढेच बोलावे. आणि आठवड्यातून एक दुपार प्रयोगशाळेचा एक बाक कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला मोकळा असावा. एक मीटर आणि एक सोल्डरिंग पुरेल. खर्च फारसा नाही. शिकवायला परिचर काका आहेतच. त्यांनी मला जे शिकवले त्याला कुठल्याच प्रश्नपत्रिकेत गुण नाहीत.

शिमगा जवळ आला आहे. नमनाला बेंजो घ्यायचा ठरला आहे. डबी न्यायची की नाही यावर मंडळात दोन तट आहेत आणि बुवा अजून 'नको'च म्हणतात. मी त्यांना एवढेच सांगितले आहे, की एका गाण्यापुरती वाजवतो, नको वाटली तर हात वर करा, मी पाय उचलीन. ते 'बघू' म्हणाले आहेत. तोवर रोज संध्याकाळी डबा उघडून जोड पाहतो. हवा खारी आहे, लक्ष ठेवावे लागते.